जगतापबाईंच्या भिंतीला रेघ नव्हती

पोपटरावांनी जगतापबाईंना फसवलं. सांगलीत नदीकडच्या आमच्या गल्लीतलं आपलं घर त्यांनी बाईंना विकलं आणि महापुरात त्या घरात पाणी शिरलं होतं, हे सांगितलं नाही. नुसतं लपवलं असं नाही. बाई घर बघायला येण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण खरवडून काढली, नवा गिलावा केला आणि वर पिस्ता रंग मारला. गल्लीत विचाराल तर उलटं ऐकायला मिळेल. बाईंनीच गल्लीचं वाटोळं केलं, असं लोक सांगतात. म्हणून मी हे आधी लिहून टाकलं. माझा धंदा जुन्या विजेच्या मोटारी घेऊन, आत तांब्याची तार नव्यानं भरून विकण्याचा, कुपवाडला. जळकी मोटार रंग देऊन गळ्यात मारणारे रोज भेटतात. रंगाखाली काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको.

मी बाईंचा भाडेकरू. त्यांनी घर घेतल्यावर वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत असं कळलं, म्हणून गेलो. तोवर बरीच वर्षं कारखान्याच्या गाळ्यातच झोपत होतो. बाई दारात पाय फाकवून उभ्या होत्या, चालत्या गाडीत उभं राहिल्यासारख्या. भाडं सांगितलं. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. जिना अरुंद आहे, वर स्लॅब तापतो, नळ खाली आहे.

"तिकीट हाय ते हाय," बाई म्हणाल्या.

"आवं, पण काहीतरी कमी..."

"बसायचं तर बसा. न्हाईतर मागनं दुसरी गाडी येतीया."

सौद्यात उठून चालू लागणं हा आमचा शेवटचा डाव. चार पावलं गेलं की समोरचा हाक मारतोच. मी दोनदा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. बाईंनी हाक मारली नाही. दुसऱ्या वेळी तर त्या आत जाऊन भाजी निवडत बसल्या. शेवटी मीच परत आलो.

बाई साताऱ्याच्या. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. बायका त्या कामात फारशा नव्हत्या तेव्हा लागलेल्या. अंतर ठरलं की भाडं ठरलं, त्यात बोलायचं काय, हा त्यांचा हिशोब. पोपटरावांनी आकडा सांगितला, त्यांनी दिला. पुढं एकदा मी त्यावरून चिडलो तर म्हणाल्या, "आकडा सांगणारा मानूस आकड्याला जागतो, आसं मला वाटायचं." घर बघितलं नाही असंही नाही. सातारच्या माणसासारखं बघितलं. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून ओल तपासली. वारा कुठून येतो, पाऊस कुठून झोडपतो ते विचारलं. गुडघे दुखत असताना गच्चीवर चढून पन्हाळी बघितल्या. साताऱ्यात पाणी वरून येतं. सांगलीत ते खालून येतं, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

त्यांच्या सवयी सगळ्या गाडीतल्या. पाहुणे आले की "पुढं सरका, मागं जागा करा." मला वरून बोलवायचं तर जिन्याच्या कठड्यावर किल्लीचे दोन टोले. मी काही बोलायला लागलो आणि त्यांना ते नको असलं की एक टोला. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आख्ख्या कुपवाडात माझ्या तोंडाला लगाम घालणारा माणूस झाला नाही. बाई किल्लीनं घालत होत्या.

गळ्यात कायम एक कॅमेरा. तळहातात मावेल एवढा, चंदेरी. निवृत्तीला डेपोतल्या बायकांनी वर्गणी काढून दिलेला. इतकी वर्षं गळ्यात पैशांची पिशवी होती, ती गेल्यावर मान हलकी हलकी वाटायची, म्हणून तो अडकवला, असं त्या सांगायच्या. साताऱ्यात असताना रोज सकाळी बाहेर पडायच्या. महाबळेश्वरच्या घाटात कुठल्या वळणावर कुठल्या वेळी ऊन कसं पडतं, हे त्यांना पाठ. जन्मभर त्याच वळणांवर तिकिटं फाडली होती. त्या वेळी बघायला फुरसत नव्हती. आता त्या वळणांवर उतरून फोटो काढायच्या आणि मागच्या गाडीनं परत यायच्या. ते फोटो मी बघितलेत. धुक्यात अर्धी बुडालेली गाडी, कठड्यावर बसलेली म्हातारी, पावसात उघडलेली एकच छत्री.

मग गुडघे गेले. मुलगी वंदना सांगलीत दिलेली. तिनं आणि जावयानं, सतीशरावांनी, तळमजल्यावर राहता येईल असं घर शोधून दिलं. बाई आल्या आणि कॅमेरा खिळ्याला लागला.

"हितं डोंगुर न्हाई, वळान न्हाई," त्या म्हणायच्या. "उभं कुठं ऱ्हायाचं तेच कळंना. समदं एका पातळीत. आभाळ सुदिक सपाट."

"मग माझ्या गाळ्यावर या," मी एकदा चेष्टेनं म्हणालो. "धूर काढा, तांब्याची तार काढा."

त्या खरंच आल्या. मोटारींचे पुष्कळ फोटो काढले. उघड्या पोटातली तांब्याची भरणी मला तरी झकास दिसली. घरी येऊन त्यांनी सगळे पुसले. "ह्यात मानूस न्हाई," म्हणाल्या.

त्या कॅमेऱ्यात एक खोट होती. पडल्यामुळं त्याची भिंगाची नळी पूर्ण बाहेर यायची नाही. लांबचं जवळ दिसायचं नाही. दुरुस्त करून आणतो म्हटलं तर नको म्हणाल्या. "लांबचं बघायचं तर चालत जावावं. त्येनं मला चालायला लावलंय." गुडघे दुखणाऱ्या बाईचं हे बोलणं.

चालत चालत एक दिवस गिरणीपाशी गेल्या. दळण व्हायला वेळ होता. समोर भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या डोक्याच्या किती तरी वर तेलरंगाची लाल रेघ ओढलेली होती. बाईंनी कॅमेरा काढला. मग विचारलं, ही रेघ कसली.

"पाण्याची," म्हातारा म्हणाला. "हितवर आलं व्हतं."

"उटून जरा हात लावा तितं. मला उंची कळंना."

म्हातारा उठला, टाचा उचलल्या, हात ताणला. तो पहिला फोटो. त्या दिवसापासून कॅमेरा खिळ्याला लागला नाही.

नदीकाठच्या गल्ल्यांत असा रिवाज आहे. पाणी ओसरलं की चिखलाची कड भिंतीवर दिसते. ती धुऊन जायच्या आत लोक तिथं रंगानं रेघ मारून ठेवतात. कुणी लाल, कुणी निळी. एकानं रेघेवर मासा काढला होता. बाई घरोघर जायच्या, माणसाला रेघेखाली उभं करायच्या आणि हात लावायला सांगायच्या. लोक खूश. आधी केस विंचरून यायचे. हात लावला की बोलायला लागायचे. कुणी म्हैस जिन्यावरून गच्चीवर कशी चढवली ते सांगायचं. शेजारच्या शैलाकाकू सांगायच्या, त्यांचा रिकामा सिलिंडर तरंगत येऊन आतून दाराला धडका देत होता, त्यांना वाटलं आत कुणी माणूस अडकलाय. पलीकडचे सुभेदार, पलटणीतून निवृत्त झालेले, हात लावायला तयार होईनात. रेघेखाली सावधान उभे राहिले. "पान्याला सलामी देतो, हात न्हाई," म्हणाले. तोही फोटो बाईंनी तसाच घेतला. मी माणसं मोजून-मापून बघणारा. पण ते फोटो मी पुन्हा पुन्हा मागून बघायचो. ताणलेले हात, आणि तोंडावर एक चमत्कारिक हसू. मेलो नाही, याचं.

फोटो कागदावर छापून आणले त्या संध्याकाळी कठड्यावर टोले पडले. दोन नव्हे, थांबेचनात. मी खाली आलो. बाईंनी सगळे फोटो जमिनीवर ओळीनं मांडले होते, गाडीच्या थांब्यांसारखे.

"ह्यो गिरणीचा थांबा," त्या बोट ठेवत गेल्या. "ह्यो मासेवाल्याचा. ह्यो शैलाचा. ह्यो सुभेदाराचा. शैलाच्या घरात पानी दाराच्या वर. सुभेदाराच्या घरात दाराच्या वर. मधी कुनाचं घर?"

त्यांनी दोन फोटोंच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट टेकलं.

"मधी माझं घर. पान्यानं उडी मारली व्हय?"

त्या उठल्या, स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि दाराशेजारची भिंत खरवडायला लागल्या. पिस्ता रंगाचे पापुद्रे पडले. खाली करडा, कोरा गिलावा. त्या वर वर खरवडत गेल्या. हात पुरेना तेव्हा मी उलथनं घेतलं. दाराच्या चौकटीच्या वर, वीतभर अंतरावर जोड सापडला. खाली नवा गिलावा, वर जुना पिवळा चुना. पोपटरावांनी बरोबर पाणी जिथवर आलं तिथवरच खर्च केला होता.

दुसऱ्या दिवशी बाई शैलाकाकूंकडं गेल्या. काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"शैला, मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं व्हतं का?"

"तुझा हात धरून रेगंला लावला, तवा तरी?"

काकूंनी शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "आमाला वाटलं तुमाला ठावं आसंल. आन आक्का, खरं सांगू का, आज ना उद्या आमालाबी विकायचंच हाय की."

गाठ इथं होती. एक घर बुडालेलं ठरलं की रांग बुडालेली ठरते. म्हणून रेघा आपापल्यात दाखवायच्या, आणि बाहेरचा घ्यायला आला की गप्प बसायचं. बाई दाराशी फोटो काढायला आल्या तेव्हा गल्लीनं त्यांना आपल्यातली धरलं होतं. घर घेताना धरलं नव्हतं.

पोपटराव आता उंचावर राहतात, विश्रामबागेकडं. मी बाईंना गाडीवर घेऊन गेलो. त्यांनी चहा मागवला.

"बाई, पानी काय माझ्या घरातलं व्हतं? देवाचं पानी. आखी सांगली बुडलीवती. तुमी साताऱ्याला पेपर वाचत न्हवता?"

"रंग का दिला?"

"पोरगी दाखवताना पावडर लावत न्हाईत व्हय?" ते माझ्याकडं बघून हसले. "काय मोटारवाले? तुमी मोटारीला रंग न देता इकता का?"

मी उठलो. काय करणार होतो ते मला आता सांगता येणार नाही, पण कपबशी हातात होती. बाईंनी टेबलावर किल्लीचा एक टोला मारला. मी बसलो.

"पोपटराव, पानी कुटवर आलं व्हतं, तेवढं आपल्या तोंडानं सांगा. दुसरं काय मागत न्हाई."

"ध्यानात न्हाई."

बाईंनी कॅमेरा उचलला आणि एवढ्या जवळ नेला की पोपटरावांची मान मागं गेली. टक. "ध्यानात न्हाई म्हननारं तोंड," त्या म्हणाल्या आणि चहा न पिता उठल्या. वाटेत मी वकील सांगत होतो, पोलीस सांगत होतो. पुलापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली कृष्णा गढूळ वाहत होती. "कोयनेचं हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "माझ्याच डोंगरावरचा पाऊस माझ्या मागं आलाय." तेवढंच. वकिलाचं नाव पुन्हा काढू दिलं नाही.

घर विकायचं ठरलं, ते वंदनानं ठरवलं. घ्यायला आटपाडीकडचा एक जोडा आला. तो कुपवाडच्या कारखान्यात, ती पोटुशी. पोपटराव न बोलावता मध्यस्थ म्हणून आले. गल्ली ओट्या-ओट्यांवर बसून होती. त्या पोरीनं आधी नळ सोडला आणि धारेखाली हात धरून उभी राहिली. दुष्काळी मुलखातली ती. नवऱ्यानं एकच विचारलं, नदी किती लांब. जवळच, असं पोपटराव म्हणाले, आणि दोघांची तोंडं उजळली. सगळ्या जगात नदी जवळ म्हटल्यावर खूश होणारं गिऱ्हाईक पोपटरावांना मिळालं होतं.

मी बाईंना डोळ्यांनी सांगत होतो, गप्प बसा. तुमचं निघू द्या. मी व्यवहारी माणूस आहे. गळ्यात पडलेला माल पुढं सरकवल्याशिवाय बाजार चालत नाही, हे मला तेव्हा वाटत होतं आणि आजही बाजारापुरतं वाटतं.

बाईंनी पेटीतून फोटो काढले आणि पोरीच्या पुढ्यात मांडले. ती हसत बघायला लागली. वर केलेले हात, विंचरलेले केस.

"ह्ये काय करत्यात सगळी?"

"पानी कुटवर आलं व्हतं ते दावत्यात. ह्यो शेजारच्या घरातला. ह्यो पलीकडचा."

"आन हितं?"

बाई तिला भिंतीपाशी घेऊन गेल्या. खरवडलेली जागा त्यांनी तशीच ठेवली होती. "ह्या जोडापतूर." पोरीनं हात वर केला. पोचला नाही. तिनं दुसरा हात पोटावर ठेवला.

नवरा नळाकडं बघत होता. "आमाला आपलं वाटलं, पानी म्हंजी..." दोघांनी चहा घेतला. जाताना ती पोरगी बाईंच्या पाया पडली. हे गल्लीनं बघितलं, आणि तेच गल्लीला झोंबलं.

त्या संध्याकाळपासून बाई एकट्या पडल्या. गिरणीत त्यांच्या दळणाचा डबा शेवटी. शैलाकाकूंनी मधल्या भिंतीवरून वाटी देणं बंद केलं. गल्लीतल्या मंडळाचे चार जण दारात आले, पोपटराव मागं उभे.

"आक्का, तुमच्या क्यामेऱ्यातलं आमचं फोटू पुसा. आमचं हात हायती त्ये."

"तुमचं हात हायती म्हनूनच पुसत न्हाई."

"आमच्या पोटावर पाय देताय तुमी."

"माझ्या पोटावर पाय पडला तवा तुमी समदी दारात बसून बघत व्हता," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चालत्या गाडीत फुकट्याला उतरवताना चढवत नसतील, तसाच. "मी तर खरं सांगितलंय. घ्यायचं त्येनं घ्यावं."

मी जिन्यावर उभा होतो, खाली उडी मारायच्या बेतात. किल्ली आधीच वाजली होती.

नंतरही त्या रोज सकाळी कॅमेरा घेऊन निघायच्या. त्या आल्या की दारं लागायची. एकामागून एक, कड्यांचे आवाज यायचे. बाई थांबायच्या नाहीत. बंद दारांचेच फोटो काढायच्या. वर पाण्याची रेघ, खाली लागलेलं दार. मी म्हणालो, ह्यात तर माणूस नाही. त्या म्हणाल्या, "हाय की. दाराच्या मागं कान लावून उभा हाय." माझ्या मते त्यांनी काढलेले ते सगळ्यांत भारी फोटो. बाईंना ते बघवत नसत, एवढंच.

पावसाळा लागला आणि बाई पायरीवरून घसरल्या. खुबा मोडला. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. तिथून भावानं त्यांना साताऱ्याला नेलं, कारण आता त्यांना उचलायला माणूस लागत होता. निघायच्या आदल्या दिवशी सतीशरावांनी दवाखान्यात काही कागद आणले. घरपट्टी, वीज, असली कामं बाईंच्या मागं बघायला लागतील म्हणाले. जन्मभर प्रत्येक तिकिटाचा आकडा उन्हाला धरून बघणाऱ्या बाईनं सही केली. समोर जावई होता.

ते कुलमुखत्यारपत्र होतं, घर विकायचा अधिकार देणारं. पाऊस सरल्यावर पोपटराव रंगारी घेऊन आले आणि खरवडलेली भिंत गुळगुळीत झाली. मी भांडलो. रंगाऱ्याची शिडी मी बोळात फेकली, हेही खरं. मला जागा सोडायला सांगितली आणि सतीशरावांनी घर एका बाहेरगावच्या कुटुंबाला विकलं. मी त्या माणसाला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुम्हाला बाहेर काढलं म्हणून तुम्ही बोलताय, गल्लीनं मला तसं आधीच सांगून ठेवलंय. आणि त्यानं कागद दाखवला. या घराला पाण्याची बाधा नाही, असं लिहून दिलेलं. खाली विकणाराचं नाव बाईंचं, सुमन जगताप.

मी साताऱ्याला गेलो. भावाच्या घराच्या सज्जात बाई खुर्चीत बसल्या होत्या, एका अंगाला अजिंक्यताऱ्याचा डोंगर, हाताशी चार पायांची काठी. एवढे दिवस ज्या डोंगरासाठी जीव टाकला, त्याच्याकडं पाठ करून बसल्या होत्या, रस्त्याकडं तोंड.

"घराचं काय?" त्यांनी पाणीसुद्धा विचारायच्या आधी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, कागदासकट.

"पोरं हायती का त्येंना?"

"दोन. लहान."

"खालीच झोपत आसतील."

"खालीच."

बाईंनी खुर्चीचे हात धरले. भावाला हाक मारली आणि चप्पल मागितली. "सांगलीची गाडी किती वाजता हाय?" भाऊ म्हणाला, "आक्का, तुला चार पावलं टाकता येत न्हाईत." त्या उठायला लागल्या, त्यानं खांदे धरून बसवलं. पुन्हा उठायला लागल्या, पुन्हा बसवलं. मला ते बघवेना. मी निघालो.

खाली रस्त्यावर येऊन वर बघितलं. भाऊ आत गेला होता. बाई उभ्या होत्या. चार पायांची काठी लांब सारून ठेवली होती आणि सज्जाचा कठडा धरून एक पाय पुढं टाकत होत्या. तोंड वेदनेनं वाकडं झालं होतं. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. माझ्याकडं लक्ष नव्हतं. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या सज्जाच्या निम्म्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या.

पोपटरावांना मी काही विचारत नाही. त्यांनी फसवलं ते स्वतःच्या नावानं. सतीशराव, तुम्ही फसवलंत ते बाईंच्या नावानं. समोर नुकसान दिसत असताना जिनं स्वतःचा सौदा मोडला, तिच्या नावावर तुम्ही खोटं लिहून दिलंत, आणि दोन लेकरं त्या भिंतीशी झोपवलीत. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय. कोयनेचे दरवाजे उघडायच्या आत त्या घरात जा आणि पाणी कुठवर येतं ते त्या माणसाला सांगा. तुमचं तो ऐकेल, माझं ऐकलं नाही. जमणार नसेल तर का जमत नाही, ते मला सांगू नका, वंदनाला सांगू नका. साताऱ्याला जा, सासूबाईंच्या पुढ्यात उभे राहा आणि त्यांना उत्तर द्या.